वरची दाढ काढली की नजर जाते? एका समजुतीचा माग



नाशिकमध्ये घरी, कट्ट्यावर किंवा ऑफिसात सहज सांगून बघा, "वरची दाढ काढायला चाललोय." कुणीतरी हमखास थांबवतं. "वरची? वरची नको काढूस. डोळ्याच्या नसा असतात तिथं. नजर कमी होते." खालच्या दाढेला कुणी एवढं अडवत नाही. अडवणूक आहे ती वरच्या दाढेची, आणि तीही डोळ्याच्या नावानं.

नाशिकच काय, देशभर हे ऐकायला मिळतं. दातांविषयीच्या गैरसमजांवर आपल्याकडे जी सर्वेक्षणं होतात, त्यांच्या प्रश्नावलीत "दात काढल्यावर दृष्टीवर परिणाम होतो का?" हा प्रश्न बहुतेक वेळा असतोच. म्हणजे दंतवैद्यांनाही ही समजूत चांगलीच ठाऊक आहे.

आज आपण याच एका वाक्याचा माग काढू. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना हा विषय मी मुद्दाम देतोय. "हा गैरसमज आहे" एवढं म्हणून फाइल बंद करणं फार सोपं असतं. पण ही समजूत आली कुठून, तिला आधार काय होता आणि तो आधार पुढे कसा बदलला, हे विचारायला लागलो की खरं काम सुरू होतं. शिवाय हा नुसता बौद्धिक खेळ नाही. या वाक्यामुळे माणसं सुजलेला गाल घेऊन घरी बसतात.

पहिला थांबा: पंचवटी

नाशिकच्या पंचवटीत एक गंमत आहे. गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि पंचवटीतच महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आहे. एकीकडे सुश्रुतसंहिता शिकवतात, दुसरीकडे दात काढायला शिकवतात. दोन्हींच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकचंच, म्हसरूळला, १९९८ साली स्थापन झालेलं. आपल्या प्रश्नाचे दोन्ही धागे एकाच गावात सापडतात म्हणा ना.

आधी सुश्रुत बघू. या ग्रंथाच्या निदानस्थानात तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत. त्यांच्यावरचे उपचार चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायात आहेत. तिथं दातांच्या 'नाडी'चा विषय येतो. नाडी म्हणजे हिरडीतून पू वाहणारी बारीक वाट. आजचे डेंटिस्ट तिला सायनस ट्रॅक्ट म्हणतात. ज्या दाताच्या मुळाशी अशी वाट तयार झाली असेल, तो दात काढा, असं ग्रंथ सांगतो. हिरडीचं मांस शस्त्रानं कापायचं, दात काढायचा, जागा स्वच्छ करायची आणि क्षारानं किंवा अग्नीनं डाग द्यायचा.

पण लगेच एक अट येते: दात वरचा नसेल तर.

पुढे कारणही दिलं आहे. वरचा घट्ट बसलेला दात मुळासकट काढला तर रक्त फार जातं आणि त्यातून भयंकर रोग होतात. माणूस काणा होतो, त्याला अर्दित म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात होतो. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो काढू नये.

म्हणजे आपल्या मावशा, आत्या, आजोबा जे सांगतात, त्याच्याशी जुळणारं वाक्य एका शास्त्रग्रंथात खरोखर आहे. वरचा दात, डोळ्याचं नुकसान आणि "काढू नका", तिन्ही गोष्टी तिथं आहेत. ज्यांना ही समजूत म्हणजे अडाणीपणा वाटतो, त्यांनी इथं जरा थांबावं. आणि ज्यांना वाटतं की ग्रंथात सापडलं म्हणजे सिद्ध झालं, त्यांनी तर जास्तच थांबावं.

मागचं-पुढचं वाचा

संशोधनात नव्या विद्यार्थ्याचा हात इथेच घसरतो. हवं ते वाक्य सापडलं की आपण ते उचलतो, टिपणात चिकटवतो आणि पुढे जातो. इथं तसं करू नका. त्या वाक्याच्या आधी काय आहे ते वाचा.

आधीच्याच ओळींत सुश्रुत सांगतो की असा दात दुर्लक्षित ठेवला तर ती पुवाची वाट जबड्याचं हाड फोडून आत जाते, म्हणून मोडका, हलणारा दात मुळासकट काढावा. म्हणजे हा वैद्य दात काढायला घाबरणारा नाही. न काढण्याचा धोका त्याला चांगला माहीत आहे. तो दोन धोके तोलतोय. खालच्या दाताच्या बाबतीत न काढणं जास्त वाईट. वरच्याच्या बाबतीत काढणं जास्त वाईट, कारण रक्त आटोक्यात ठेवता येणार नाही. घरोघरी जे वाक्य पोहोचलं, त्यात या तोलातलं एकच पारडं शिल्लक राहिलं. "काढू नका" राहिलं, "ठेवलात तर जबडा सडेल" हे गळून गेलं.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दाताचा आणि डोळ्याचा संबंध सुश्रुत कशातून जोडतो? रक्तस्रावातून. सूत्रस्थानाचा १४ वा अध्याय रक्ताविषयी आहे. रक्त काढताना ते प्रमाणाबाहेर गेलं तर काय होतं, याची यादी तिथं आहे. डोकेदुखी, आंधळेपणा, डोळ्यांचे इतर विकार, पक्षाघात असे रोग त्या यादीत येतात. म्हणजे ग्रंथाच्या मते शरीरातून फार रक्त गेलं की डोळ्यांना धोका, मग ते कुठूनही जावो. वरच्या दाताची भीती या मोठ्या नियमाचा एक भाग आहे.

आणि आपल्या घरी काय सांगतात? रक्ताचं नाव कुणी काढत नाही. "डोळ्याच्या नसा असतात तिथं" असं सांगतात.

निष्कर्ष तोच राहिला, कारण मात्र बदललं. हे कसं झालं असावं? माझं अनुमान असं की याला आपल्या भाषेची मदत झाली. मराठीत 'नस' म्हणजे काय? इंजेक्शन देताना नर्स 'नस' शोधते ती रक्तवाहिनी. मानेची 'नस' दबली म्हणतो तेव्हा ती मज्जातंतूची गोष्ट असते. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो. रक्तवाहिनीची गोष्ट मज्जातंतूची व्हायला कुणी काही मुद्दाम करायची गरज नाही, शब्दच ते काम करतो. पुन्हा सांगतो, हे अनुमान आहे, पुरावा नाही. तुम्ही लिहिताना या दोन गोष्टी अशाच वेगळ्या ठेवा. "असं आहे" आणि "असं असावं" यांची सरमिसळ झाली की परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतात.

पण ही समजूत ग्रंथातूनच आली का?

ग्रंथात वाक्य सापडलं आणि घरात तीच समजूत सापडली, म्हणजे घरातली समजूत ग्रंथातून आली, असं म्हणायचा मोह होतो. थोडं थांबून विचारा: सुश्रुत न वाचलेल्या समाजात असं काही आहे का?

आहे. वरच्या सुळ्याला इंग्रजीत 'आय टूथ' म्हणतात, म्हणजे डोळ्याचा दात. हे नाव सोळाव्या शतकापासून वापरात आहे. सुळा बरोबर डोळ्याखाली येतो, त्यावरून हे नाव पडलं. त्या दाताचा डोळ्याशी आतून काही संबंध असतो, ही कल्पनाही तिकडच्या लोकांमध्ये होती. सुश्रुतसंहितेचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर कविराज कुंजलाल भिषग्रत्न यांनी केलं ते १९०७ ते १९१६ या काळात. म्हणजे इंग्लंडातल्या माणसाला ही कल्पना आपल्या ग्रंथातून मिळालेली नाही.

मग दोन ठिकाणी सारखी कल्पना का तयार व्हावी? कारण दोन्हीकडच्या माणसांचे जबडे सारखेच आहेत. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज नाकाच्या बाजूनं वर चढते आणि डोळ्याची खालची पापणी फुगते. कधी डोळा पूर्ण मिटतो. हे बघायला ग्रंथ लागत नाही, शेजारी बसलेला माणूससुद्धा बघू शकतो. वरच्या दाढेची कळ डोळ्याच्या मागं जाते, हेही ज्याची दाढ दुखली आहे त्याला सांगावं लागत नाही.

म्हणून "ग्रंथातून लोकांत" हा एकच मार्ग धरू नका. लोकांच्या अनुभवातून ग्रंथात, हा मार्गही तितकाच शक्य आहे. सुश्रुतानं लिहिलं ते त्याच्याआधीच्या वैद्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं असू शकतं.

हाडं काय सांगतात?

काही जण म्हणतील, मग ग्रंथाच्याही मागं जाऊ. जायला हरकत नाही. नाशिक आणि जोर्वे इथं १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हापासून आपल्या भागातल्या ताम्रपाषाण काळाचं चित्र स्पष्ट होत गेलं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन केलं. तिथं सापडलेल्या सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. किडलेले दात तेव्हाही होते.

एखादा दात माणूस जिवंत असताना गेला की मेल्यानंतर, हे हाडावरून कळतं. जिवंतपणी दात गेला तर रिकामी खाच हळूहळू हाडानं भरून येते आणि कड गुळगुळीत होते. मेल्यावर निखळला तर खाच तशीच उघडी राहते. पण तो दात कुणी ओढून काढला की आपोआप पडला, हे भरून आलेल्या खाचेवरून सहसा सांगता येत नाही. आणि त्या माणसाची नजर कशी होती, हे तर कधीच नाही. डोळा मागं काही ठेवत नाही.

हा परिच्छेद मी मुद्दाम घातला. प्रत्येक साधनाची एक हद्द असते. दात केव्हा गेला हे हाड सांगतं, त्याबद्दल वैद्याला काय वाटत होतं हे ग्रंथ सांगतो, आणि आज लोकांना काय वाटतं हे सर्वेक्षण सांगतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की प्रबंध डळमळला.

भुलेआधीचं जग

सुश्रुताची भीती समजून घ्यायची तर त्याच्या हातात काय नव्हतं ते बघायला हवं. भूल नव्हती. जंतू ठाऊक नव्हते, त्यामुळे जंतुनाशकं आणि प्रतिजैविकं नव्हती. एक्स-रे नव्हता, म्हणजे मुळं सरळ आहेत की वाकडी हे दात हातात आल्यावरच कळायचं. वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडातली पोकळी असते. मुळं कधीकधी तिला जवळजवळ टेकलेली असतात. अशा जागी तडफडणाऱ्या माणसाची घट्ट दाढ जोर लावून उपटायची म्हणजे हाड मोडणार, रक्त वाहणार, आणि आधीचा पू पसरणार. डोळ्याच्या खोबणीतल्या शिरा चेहऱ्याच्या शिरांशी जोडलेल्या असतात. त्या वाटेनं जंतू वर चढले तर डोळा जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी दाढ काढली, मग डोळा गेला. बघणाऱ्यानं काय निष्कर्ष काढला असेल? त्याच्या जागी आपण असतो तरी तोच काढला असता.

युरोपातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. पिएर फोशार या फ्रेंच माणसानं दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ १७२८ मध्ये लिहिला. त्याच शतकात 'डेंटल की' नावाचं किल्लीसारखं हत्यार आलं. ते दाढेला अडकवून किल्लीसारखं फिरवायचे. दाढ निघायची, कधी जबड्याचा तुकडा घेऊन निघायची.

चित्र बदललं ते भूल आल्यावर, आणि गंमत म्हणजे भुलेचा इतिहास दातांपासूनच सुरू होतो. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या डेंटिस्टनं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. त्याचा एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन, तोही डेंटिस्ट. त्यानं ३० सप्टेंबर १८४६ रोजी इथर देऊन एका रुग्णाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबरला बोस्टनच्या रुग्णालयात इथरचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं.

यापुढची पायरी आपल्या विषयाला आणखी जवळची. अख्खा माणूस न झोपवता फक्त जागा बधिर करायची, ही सोय १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरनं शोधली, आणि ती डोळ्यासाठी! त्यानं कोकेनचे थेंब डोळ्यात टाकून डोळा बधिर केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॉल्स्टेडनं कोकेनचं इंजेक्शन देऊन जबड्याची नस बधिर केली. पुढे कोकेनऐवजी १९०५ च्या सुमारास नोवोकेन आलं आणि १९४० च्या दशकात लिग्नोकेन. आज नाशिकमध्ये दाढ काढण्याआधी हिरडीत जी सुई टोचतात, त्यात बहुधा लिग्नोकेनच असतं.

आपल्याकडे ही विद्या शिकवायची सोय उशिरा झाली. कोलकात्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यांचा कायदा आला १९४८ मध्ये. या कायद्यानं नोंदणीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्य पदवी असलेले, आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण आधीपासून हाच पोटापाण्याचा धंदा करत आलेले. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी दात काढणाऱ्यांत पदवी नसलेले इतके होते की त्यांना एकदम बाजूला सारणं शक्य नव्हतं. आपल्या पणजोबांनी दाढ काढून घेतली असेल तर ती कुणी, कुठे बसून, कोणत्या हत्यारानं काढली असेल, याचा जरा विचार करा. त्यांची भीती त्यांच्या काळाच्या अनुभवातली होती.

उलट टोक

इथवर वाचून वाटेल की जुन्या काळी भीती, मग विज्ञान आलं आणि सगळं सरळ झालं. इतिहास असा सरळ चालत नाही.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं आणि तोंडातल्या पुवाला कितीतरी आजारांचं मूळ ठरवलं. त्यातून 'फोकल इन्फेक्शन'चा सिद्धांत जोरात आला. दाताखाली दडलेला जंतूंचा अड्डा शरीरात कुठेही आजार निर्माण करतो, असा तो विचार. मग काय, सांधेदुखीसाठी दात काढा, पोटासाठी दात काढा, आणि डोळ्याच्या आतल्या दाहासाठीही दात काढा! न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन तर मानसिक आजार बरा करायला रुग्णांचे दात काढत होते. दातांनी भागलं नाही तर टॉन्सिल्स, आतडी असं पुढे जात होते. त्यांचे बरे होण्याचे आकडे छापून येत होते. स्वतंत्रपणे तपासलं तेव्हा ते टिकले नाहीत.

बघा, एकीकडे "दात काढला तर डोळा जाईल" आणि दुसरीकडे "दात काढला नाही तर डोळा जाईल". दुसरं वाक्य पांढरा कोट घातलेल्या माणसांनी, आकड्यांसकट सांगितलं. दोन्हीकडे चूक एकच होती. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं धरलं, आणि दात न काढलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केली नाही.

आज काय माहीत आहे

वरच्या दातांची संवेदना वाहणारा मज्जातंतू डोळ्याच्या खोबणीच्या तळातून जातो, हे खरं आहे. "तिथं नस असते" हे अगदीच खोटं नाही. पण ती नस स्पर्श आणि वेदना वाहते. दृष्टी वाहणारा मज्जातंतू निराळा. तो डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जातो, दातांना त्याची एकही फांदी नाही. दात काढताना मुळाच्या टोकाशी असलेला बारीकसा धागा तुटतो, मुख्य मज्जातंतू जागच्या जागी राहतो.

अपवादही सांगायला हवा, नाहीतर आपलीही बाजू एकांगी होईल. वरच्या जबड्यात बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर क्वचित औषध डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरतं. मग काही वेळ एकाच्या दोन वस्तू दिसतात, धूसर दिसतं किंवा पापणी जड होते. अशा नोंदी आहेत. बहुतेक वेळा भूल उतरली की हेही जातं.

मग लोकांना "दाढा काढल्या आणि चष्मा लागला" असं का दिसतं? चाळिशी! जवळचं दिसेनासं होण्याला मराठीत वयाचंच नाव आहे. दाढा काढायची वेळही पुष्कळांवर त्याच वयाच्या आसपास येते. आणि दुसरं कारण मधुमेह. तो हिरड्या खराब करतो, दात हलवतो, आणि डोळ्याच्या पडद्याचंही नुकसान करतो. दात आणि डोळा दोन्ही एकाच माणसाचे गेले, पण दोन्ही नेणारा तिसराच. संशोधनपद्धतीच्या पेपरात 'कन्फाउंडिंग' वर टीप लिहायची असते ना, तिथं हे उदाहरण द्या. पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आहे.

आणि आता जे पणाला आहे ते. आमच्या नात्यातल्या एक आत्या निफाड तालुक्यात राहतात. वरच्या सुळ्याशी सूज आली तेव्हा त्यांनी लवंग धरली, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, पण डोळ्याच्या भीतीनं दात काढू दिला नाही. शेवटी गालावरची सूज इतकी चढली की डोळा उघडेना. जो डोळा वाचवायला दात ठेवला, तोच झाकला गेला. पुढे पू काढला, दात काढला, औषधं झाली आणि डोळा उघडला. नशीब म्हणायचं, कारण वरच्या दाताचा जंतुसंसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरला तर खरोखर नजर जाऊ शकते. म्हणून सूज डोळ्याकडे चढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, तर घरी बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त लवकर थांबत नसेल तर ते डेंटिस्टला आधी सांगा. रक्तस्रावाबद्दल सुश्रुतानं दिलेला इशारा तेवढ्यापुरता आजही लागू आहे.

आणखी एक गोष्ट. बुबुळ पूर्ण खराब झालेल्या काही मोजक्या रुग्णांसाठी एक शस्त्रक्रिया आहे. इटलीच्या स्ट्राम्पेली यांनी ती १९६० च्या दशकात सुरू केली, आणि आपल्याकडे चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ती करतात. रुग्णाचा स्वतःचा दात, बहुधा सुळा, मुळासकट आणि भोवतालच्या हाडासकट काढतात. त्यात छिद्र पाडून बारीक भिंग बसवतात आणि काही टप्प्यांनी तो डोळ्यात बसवतात. म्हणजे दात काढल्यामुळे नजर परत येते!

तुमच्यासाठी काम

तुमच्या घरातलं असंच एक वाक्य निवडा. ताप असताना दही खाऊ नये, ग्रहणात कापू-चिरू नये, काहीही चालेल. मग पाच प्रश्न लिहून काढा. हे वाक्य कुठल्या जुन्या ग्रंथात आहे का, आणि असल्यास त्याच्या मागं-पुढं काय आहे? तिथं दिलेलं कारण आणि आज घरात सांगतात ते कारण एकच आहे का? तो ग्रंथ न पोहोचलेल्या ठिकाणी ही समजूत आहे का? ज्या काळी ती तयार झाली तेव्हा ती कितपत शहाणपणाची होती? आणि आज तपासायची तर तुलना कुणाशी कराल, तिसरा घटक कोणता निघेल?

या पाचांची उत्तरं दोन पानांत नीट लिहिता आली, तर संशोधनाचा आराखडा कसा लिहायचा हा प्रश्न तुम्हाला फारसा छळणार नाही. आणि ज्यांनी तुम्हाला ते वाक्य सांगितलं, त्यांच्याशी बोलताना "हे सगळं खोटं आहे" असं सुरू करू नका. आत्यांना मी नंतर सुश्रुताची गोष्ट सांगितली, जबडा सडण्याच्या इशाऱ्यासकट. त्या म्हणाल्या, "मग हे पुढचं आम्हाला कुणी का नाही सांगितलं?"